घरोघरी हौसेराव

पाच ऊस बांधून झाले, चौक भरून झाला, तरी भगवाननाना जिना चढून वर यायला तयार नव्हते. खाली सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ते बसले होते, शेजारी त्यांचा भाऊ भैरू, आणि दोघांच्या मध्ये फडक्यात बांधलेलं संबळ. आई गॅलरीतून वाकून बघायची आणि आत येऊन सांगायची, बसलेत अजून.

रविवार होता. एकोणीसशे नव्याण्णवचा मे. मे महिन्यात ऊस मिळणार कुठून, तर अप्पांनी खांदेश्वर स्टेशनसमोरच्या रसवंतीवाल्याला गाठून त्याच्या ढिगातले त्यातल्या त्यात सरळ दांडे निवडून आणले होते. त्यांना शेंड्याचे हिरवे वाढे नव्हते, म्हणून विमलआत्या सकाळपासून कुरकुरत होती. देवीला रस काढायला बोलावलंय का, असं तिनं दोनदा विचारून झालं होतं.

माझ्या धाकट्या भावाच्या, शिवतेजच्या, लग्नाला आठवडा होत आला होता. लग्न गावाला झालं, सातारा जिल्ह्यात, रीतीप्रमाणे. पालीच्या खंडोबाला जाऊन आले. राहिला होता तो अंबाबाईचा गोंधळ, आणि तो अप्पांनी हट्टानं इकडे, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवला. चार लोकांना बोलावता येतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घराण्यात गोंधळ झाल्याशिवाय नवरा-बायकोनं एका खोलीत राहायचं नाही. ही रीत मोडू नये म्हणून विमलआत्या, अप्पांची थोरली बहीण, गावाहून मुद्दाम सोबत आली होती आणि नव्या नवरीच्या, मंजुषाच्या, उशाशी झोपत होती. शिवतेजची वळकटी दुकानात. नवरदेव सकाळी दूधवाल्यासारखा येऊन बेल वाजवायचा आणि आत्या दार उघडायची.

अप्पा गेल्यापासून ही गोष्ट आमच्या घरात कुणी पुरती सांगितलेली नाही. पूर्वी दर सणाला निघायची. आता कुणीतरी सुरू करतं आणि मध्येच चहा टाकायला उठतं. ज्याच्या-त्याच्याकडे त्याचा तुकडा मात्र शाबूत आहे. ते मागून आणून मी इथे जोडते आहे.

पहिला तुकडा शिवतेजचा. नवरदेवानं स्वतः जाऊन हात जोडले की गोंधळी उठेल, या हिशेबानं आईनं त्याला खाली पाठवलं. भगवाननाना आमच्या घराचे वंशपरंपरेचे गोंधळी. गावातली निम्मी घरं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात कामाला म्हणून इकडे आली, तेव्हा नानाही त्यांच्यामागे आले आणि कळंबोलीला राहिले. लग्न कुठल्याही घरचं असो, गोंधळाला गायला आणि संबळावर नाना, तुणतुण्यावर भैरू. शिवतेजनं पाया पडून म्हटलं, चला नाना, सगळे खोळंबलेत. नाना म्हणाले, "तुज्याकडं यंत्र हाय की. आमाला कशाला दोन जिने चढवतोस?"

शिवतेजला वाटलं, कौतुक चाललंय. त्याचा हा स्वभाव आजही तसाच आहे. तो टाकीला टेकून नानांना समजावू लागला की जुन्या कॅसेटमध्ये फार खरखर होती, ती त्यानं कॉम्प्युटरवर साफ केली, मध्ये कुणी खोकलं होतं तेही काढलं, आणि आता सीडीवर गोंधळ असा ऐकू येतो की समोर बसून गातायत. एका सीडीत गोंधळ, हळदीची गाणी, मंगलाष्टकं, शिवाय राहिलेल्या जागेत दोन गेम आणि टायपिंग शिकायचं सॉफ्टवेअर, असं पॅकेज आहे. लोक खूश आहेत, नाना.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बापाला पाठव."

आमचं दुकान स्टेशनजवळ होतं, सह्याद्री म्युझिक. अप्पांनी बाजारातली नोकरी सोडून ते काढलं होतं. दर्शनी भागात कंपन्यांच्या कॅसेटी मांडलेल्या असायच्या, त्यांच्यावर धूळ. खरा धंदा काउंटरखालच्या दोन डेकांचा. लोक गाण्यांची नावं लिहून आणायचे आणि अप्पा एका डेकवरून दुसऱ्यावर कॅसेट भरून द्यायचे. शिवतेज हाताशी आल्यावर मागच्या खोलीत कॉम्प्युटर आला, मग सीडी रायटर आला, आणि गाण्यांच्या जोडीला सॉफ्टवेअरही भरून मिळू लागलं. हिशेबाचं, कुंडलीचं, मराठी टायपिंगचं, ज्याला जे हवं ते. ते विकत घ्यायचं असतं हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. शिवतेजच्या लग्नाची पत्रिकाही अशाच एका प्रोग्रामवर झाली होती. तो फुकटचा असल्यामुळे पानाच्या मधोमध ‘नमुना’ असा शब्द आपोआप छापायचा. शिवतेजनं त्यावर गणपती बसवला. मी बेलापूरला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये जे होतं ते सगळं शिवतेजनं भरलेलं, आणि त्यावर बसून मी लोकांना कायदेशीर नोटिसा पाठवत असे. आम्हाला कुणालाच यात वावगं दिसत नव्हतं. आमच्या लेखी ती विद्या होती आणि ती आमच्या मुलाला येत होती.

अप्पा खाली गेले, पायात चप्पल न घालता. नानांनी त्यांना शेजारी बसवलं आणि कळंबोलीचा प्रसंग सांगितला. मागच्या महिन्यात तिथे एका घरी लग्न होतं. त्या घरचे गोंधळ नानांच्या वडिलांनी केलेले. बोलावणं आलं नाही, तरी विसरले असतील म्हणून नाना आणि भैरू झगे घालून आपणहून गेले. बघतात तर चौक भरलेला, ऊस बांधलेले, आणि कलशाशेजारी टेपरेकॉर्डर, त्याला हळदकुंकू लावलेलं. यजमान माणूस भला. त्यानं दोघांना जेवायला बसवलं, नारळ दिला, आणि समजुतीनं सांगितलं की आता आम्ही मशिनवर करतो.

"वर म्हनला, राग मानू नका नाना, पर ह्याचा गळा तुमच्यापरास बरा हाय," नाना अप्पांना म्हणाले. "मी कान दिऊन ऐकलं. त्यो मीच हुतो. बारा वर्सांमागचा."

अप्पांना हसू आलं. ते पुढे कबूल करायचे, आलं म्हणून. नाना हसले नाहीत. तेव्हा अप्पांनी त्यांच्या परीनं बाजू मांडली. तुमचाच आवाज घरोघरी पोचतोय, तुमचंच नाव होतंय, मी तर हे कौतुकानं करत आलो. नानांनी झग्याच्या खिशातून कॅसेटचं कव्हर काढून त्यांच्या हातात दिलं. वर देवीचं चित्र, खाली मोठ्या अक्षरात सह्याद्री म्युझिक, खांदेश्वर.

"वाचून दावा, ह्यात माजं नाव कुटं हाय."

अप्पांनी कव्हर उलटं करून पाहिलं. मागे कोरं होतं.

एवढ्यात विमलआत्या गॅलरीत आली. तिला खालचं काही ऐकू आलं नव्हतं, आणि तसंही तिला कारणांत रस नसे. तिनं वरूनच विचारलं की भगवान, मी गावाहून तुझी पाठ बघायला आले का? नाना तिच्या माहेरचे. तिचा शब्द त्यांना मोडता येत नसे. ते उठले, वर आले, पण आत शिरले नाहीत. दाराशी, चपलांच्या बाजूला बसले. भैरूनं संबळ मांडीवर घेतलं. फडकं सोडलं नाही.

पाहुणे जमायला लागले होते. मजल्यावरची मंडळी, बाजारातली दोन-तीन कुटुंबं, आणि पहिल्या मजल्यावरच्या सुमित्राबाई, ज्यांचे यजमान न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात होते. सुमित्राबाईंच्या मुलीचं लग्न मागल्या वर्षी झालं, तेव्हा अप्पांनी शेजारधर्म म्हणून डेक आणि कॅसेट दोन्ही नेऊन दिलं होतं. त्या आज दुरडी भरून घेऊन आल्या आणि थेट आईच्या शेजारी बसल्या. नानांनी सगळ्यांना बसू दिलं. मग अप्पांना म्हणाले, गाण्याचं मागनं बघू. आदी ती शीडी लावा. सगळ्यांनी ऐकू द्या.

आईचा तुकडा इथे सुरू होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिनं अप्पांचा चेहरा पाहिला. सीडीत काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. रेकॉर्डिंग अप्पांनीच केलेलं, धाकट्या काकांच्या लग्नात, गावाकडच्या अंगणात. गोंधळी देवीला हाक मारतो ती मोघम मारत नाही. कुणाच्या घरी यायचं, कुणासाठी यायचं, ते नावानिशी सांगतो. त्या कॅसेटमध्ये नानांनी बारा गावच्या देवींना बोलावून झाल्यावर घरचा कर्ता म्हणून अप्पांचं नाव घेतलं होतं, गावाचं नाव घेतलं होतं, आणि काका-काकूंचं. शिवतेजनं सीडी करताना विचारलंही होतं, अप्पा, नावं उडवू का? अप्पा म्हणाले, राहू दे, कोण ऐकतंय. पण त्यांना ते राहायला हवं होतं. आई सांगायची, दुकानात ती जागा आली की हे आवाज वाढवायचे. घरोघरी आपलं नाव वाजतंय, याचं त्यांना आतून सुख होतं.

तिनं अप्पांना खूण केली, नको. पण शिवतेज तोवर डेकजवळ पोचला होता. त्याला वाटत होतं, आवाज किती स्वच्छ आहे हे कळलं की भांडण मिटेल.

आमच्यापैकी बहुतेकांनी तो गोंधळ त्याआधी असा बसून ऐकलेला नव्हता. वाजताना सगळ्यांनी जेवणं वाढली होती, अहेर केले होते, पोरं शोधली होती. त्या दिवशी गाणारा माणूस दारात बसलेला, त्यामुळे कुणाला बोलायचा धीर होईना. आवाज खरंच तरणा होता. उंच चढायचा आणि तिथून घरंगळत न येता एकेक पायरी उतरायचा. भैरूचं बोट संबळाच्या फडक्यावर आपोआप वाजायला लागलं. नाना खाली बघत होते. मला त्या क्षणी वाटलं, कळंबोलीचा तो माणूस खोटं बोलला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

मग ती जागा आली. एकामागून एक देवी निघाल्या, वाट विचारू लागल्या, आणि स्पीकरमधून स्पष्ट उत्तर आलं: हौसेरावांच्या घरी.

सुमित्राबाईंनी मान वर केली. "शिवा, मागं घे जरा."

शिवतेजनं मागे घेतलं. खरखर काढलेली असल्यामुळे दुसऱ्यांदा तर फारच नीट ऐकू आलं.

"हीच का ती आमच्याकडं लावलेली?" त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा उसांकडे बघत होते. "म्हणजे भाऊजी, चौक आम्ही भरला, नैवेद्य आम्ही केला, ओटी मी भरली, आणि पत्ता तुमचा दिला."

बाजारातल्या कुटुंबांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकाच्या भावाचं लग्न, एकाच्या मेहुण्याचं, दोघांच्या नव्या घराची पूजा. सगळीकडे सह्याद्रीची कॅसेट. पहिल्यांदा हसली ती विमलआत्या. तोंडावर पदर धरून हसली, मग गंभीर झाली आणि अप्पांना म्हणाली, "हौश्या, बारा वर्सं तू देवीला ह्याच्या-त्याच्या दारातनं उठवून आपल्याच घरी आनतोयस. दमली आसंल रं ती."

यावर शिवतेजनं जे केलं ते त्याच्या बायकोनं त्याला अजून माफ केलेलं नाही, असं ती म्हणते, हसत. तो आत्याकडे वळून म्हणाला, "मग टेन्शन काय आहे आत्या? आपला गोंधळ झालाच की. शंभर वेळा झाला. आता मी वळकटी वर आणू ना?"

लोक हसले, पण आत्या विचारात पडली. आईही पडली. आठवडाभर पाहुण्यांच्या राबत्यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि एकदा हे कार्य पार पडलं असं कुणीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ती म्हणाली, तसं धरलं तर चालेल का वन्सं? आत्या म्हणाली, देवी आली तर हाय, नाकारायचं कसं? आतापर्यंत एकमेकींच्या विरुद्ध असलेल्या दोघी एका बाजूला आल्या, आणि अप्पांना वाटलं, सुटलो.

नाना उठले. त्यांनी झगा झटकला.

"बरोबर बोलतंय पोरगं. ह्या घरचा झालाय. कमी न्हाय, जास्तीच झालाय. ह्या बाईंचा मातुर राह्यलाय. भैरू, उचल. खालच्या मजल्यावर जायाचं."

सुमित्राबाई लगेच उभ्या राहिल्या. घर उघडंच आहे, म्हणाल्या, आणि दुरडी परत उचलली. बाजारातल्यांपैकी एकानं नानांना विचारून घेतलं की त्यांच्यानंतर आमच्याकडे कधी याल. एका मिनिटात आमच्या हॉलमधली गर्दी जिन्याकडे सरकू लागली. चौक तसाच, कलश तसाच, आणि त्याच्यासमोर अप्पा. माणसं दुसऱ्याच्या घरी निघालेली पाहणं हे त्यांच्या वाट्याला त्याआधी आलं नव्हतं. त्यांनी ज्याला-त्याला हवं ते भरून दिलं होतं, त्यामुळे त्यांच्या दारात नेहमी कुणीतरी असायचं. ते नानांना थांबवू शकत होते, पण थांबवायला जे बोलावं लागलं असतं ते त्यांच्या तोंडून निघेना.

तेव्हा मंजुषा बोलली. आठवडाभरात तिनं मोठ्यांसमोर हो आणि नाही यापलीकडे शब्द काढला नव्हता. साताऱ्याला बी.कॉम. झालेली मुलगी. आम्हाला ती अबोल वाटली होती. ती चौकाजवळ पाटावर बसली होती, तिथूनच म्हणाली, "नाना, त्याच्यात माझं नाव नाही."

नाना उंबऱ्यात थांबले.

"ज्यांचं नाव आहे त्या काकूंची मुलं आता शाळेत जातात. माझ्याबद्दल देवीला कुणी सांगितलेलंच नाही. मग मी या घरात आले, हे तिला कळणार कसं? तुम्ही आता खाली गेलात तर यांचा झालेला असेल. माझा नाही झाला."

शिवतेजनं तिच्याकडे पाहिलं. तो सांगतो की लग्न झालंय हे त्याला पहिल्यांदा तेव्हा कळलं. आत्यानं बाजू बदलायला वेळ घेतला नाही. पोरीचं खरं आहे, म्हणाली, आणि मघाशी मी म्हणाले ते घाईत म्हणाले. आईनं तर आपण काही म्हणालो होतो हेच पुसून टाकलं.

नाना परत आत आले. या वेळी चपला ओलांडून आले आणि चौकासमोर बसले. अप्पांना म्हणाले, सूनबाईंसाठी गाईन. पण एक करावं लागेल.

अप्पांना वाटलं, कॅसेटी मोडायला सांगतील, डेक बंद करायला सांगतील. शिवतेज घाईघाईनं म्हणाला की नाना, मी सीडीतली नावं काढतो, तिथे तुमचंच नाव टाकतो, कव्हरवर फोटो छापतो. नानांनी त्याला हातानंच गप्प केलं.

"ज्यांच्या ज्यांच्या घरी ही वाजली, त्यांच्या घरी आमी जानार. नव्यानं गोंधळ घालनार, त्यांच्या नावानं. आन दिवटी तुमी धरायची, हौसेराव. दारात उबं राहून सांगायचं, मागल्या येळंला कोन गात हुतं आन तुमी काय केलं. मग आत यायचं."

"सगळ्यांच्या घरी?" अप्पांनी विचारलं.

"जितक्या घरी तुमचं नाव गेलं, तितक्या घरी तुमी."

अप्पा आईकडे वळले. त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी तिनं अशा वेळी काहीतरी बोलून निभावून नेल्या होत्या. प्रकृतीचं कारण, पाहुण्यांचं कारण. आई चौकातला एक कललेला विडा सरळ करत होती. तो सरळ करून झाल्यावर ती म्हणाली, "पहिल्यांदा खाली, सुमित्राबाईंकडं. उद्याच जावा."

अप्पांनी हो म्हटलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि भैरूसमोर हात पुढे केला. भैरूनं फडकं सोडलं, दिवटीला चिंधी गुंडाळली, तेलात बुडवली आणि त्यांच्या हातात दिली.

पुढच्या दोन वर्षांत आमच्या घरी रविवार असा राहिला नाही. अप्पा आणि ते दोघे भाऊ, कामोठे, कोपरखैरणे, तुर्भे, नेरूळ. पहिल्या काही दारांत अप्पांची जीभ जड व्हायची. नाना घाई करत नसत, दिवटी जळत असायची. एका घरी त्यांना शिव्या बसल्या, एका घरी लोक इतके हसले की शेजारचे काय झालं म्हणून बघायला आले. हळूहळू अप्पा ते रंगवून सांगू लागले, मग नाना कुरकुरू लागले की हा दारातच अर्धा तास खातो. नव्या लग्नांची बोलावणी पुन्हा नानांकडे जाऊ लागली. गोंधळाची कॅसेट अप्पांनी भरून देणं सोडलं. बाकीची गाणी भरतच होते, ते पुढे दुसऱ्या कारणानं बंद पडलं.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला नानांनी सुरुवात केली. सोसायटीनं नऊपर्यंत परवानगी दिली होती. संबळाचा पहिला ठोका पडला तेव्हा शिवतेजचा हात सवयीनं डेककडे गेला आणि तिथेच राहिला. त्यानं रेकॉर्डचं बटण दाबलं नाही. त्यामुळे ज्या घरानं सगळ्यांचे आवाज भरून ठेवले, त्या घराकडे त्या संध्याकाळचं काही नाही. अप्पांचा आवाजही, पुढे लक्षात आलं, आमच्याकडे कशातच नाही.

नानांचा गळा सीडीतल्यासारखा राहिला नव्हता. वर चढताना तो फाटायचा, मग नाना थांबून श्वास घ्यायचे आणि भैरू तुणतुण्यावर ती जागा सांभाळून घ्यायचा. पण सुमित्राबाई दुरडीवर हात ठेवून ऐकत होत्या, आणि बाजारातल्या माणसांनी मांड्या घातल्या होत्या. देवी निघाल्या. वाट विचारायची जागा आली तेव्हा नानांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी गाव सांगितलं नाही. खांदेश्वर स्टेशन सांगितलं. समोरची रसवंती सांगितली, तिथून डावीकडे वळायला सांगितलं, पाण्याची टाकी, कोपऱ्यातला जिना, पहिल्या मजल्यावर सुमित्राबाईंचं दार, तिथे आज थांबू नका, उद्या यायचंय, आज अजून एक जिना चढा. लोक हसत होते आणि नाना चालीत, ठेका न सोडता, गातच होते.

शिवतेज माझ्या कानाशी लागला. "ताई, बघ. हे आता कुठल्याच घरी चालणार नाही. कॉपी करून दाखव म्हणावं कुणालाही."

मग नावं. मंजुषाचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, माहेरच्या गावासकट. शिवतेजचं घेतलं. विमलआत्याचं घेतलं, तेव्हा ती ताठ बसली. शेवटी घरच्या कर्त्याचं नाव. ते घेण्याआधी नाना थांबले. संबळ चालूच होतं. चालीतच त्यांनी विचारलं, ह्या घरचा धनी कोण, मला सांगा, मी कुणाचं नाव घेऊ. कर्त्यानं आपलं नाव आपण सांगायचं नसतं, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. अप्पा दिवटी धरून उभे होते, घामानं डबडबलेले, हात बदलायला तयार नसलेले. शिवतेजनं तोंड उघडलं. नानांनी मान हलवून त्याला थांबवलं. मी उघडलं, मलाही थांबवलं. ते आईकडे बघत होते.

आईनं आयुष्यात अप्पांचं नाव घेतलं होतं ते उखाण्यात. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला, आणि दर वेळी यमक जुळवून. एरवी दवाखान्यात नाव विचारलं तरी ती आम्हाला पुढे करायची. ती यमक शोधते आहे हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. संबळाला तेवढा धीर नव्हता. ठेका फिरून पुन्हा त्याच जागी आला, भैरू वाट बघत होता, सगळा हॉल वाट बघत होता.

"हौसेराव," आई म्हणाली.

नुसतं नाव, मागेपुढे काही नाही. आत्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. अप्पांनी पाहिलं, आणि दिवटी कलून तेल फरशीवर सांडलं.

नानांनी मान तिरकी केली. नीट ऐकू आलं नाही, म्हणाले, पुन्हा सांगा. ऐकू आलं होतं. आईनं पदर सारखा केला, अप्पांकडे बघितलं, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं.